इंजिन खोललंय का?

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते सांगितलंय, आणि नुसत्या व्याख्येने लोकांना कळणार नाही असं वाटल्यामुळे की काय, खाली उदाहरणं दिली आहेत. त्या उदाहरणांत एक घोडा आहे. 'अ' लिलावात 'ब'ला घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे 'अ'ला माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही.

पुढच्या उदाहरणात घोडा तोच, पण 'ब' ही 'अ'ची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. आता मात्र सांगायलाच हवं. तिसऱ्यात 'ब' म्हणतो, "तू नाही म्हणाला नाहीस, तर घोडा चांगला आहे असं मी धरून चालेन." 'अ' गप्प राहतो. इथे गप्प राहणं म्हणजे बोलणंच झालं, असं कायदा म्हणतो. चौथ्यात घोडा नाही, दोन व्यापारी आहेत. भाव बदलल्याची आतली खबर एकाला आहे, दुसऱ्याला नाही. सांगायची गरज नाही.

दीडशे वर्षं झाली या चार उदाहरणांना. वाशिम जिल्ह्यात आता घोडे फारसे विकले जात नाहीत, जुने ट्रॅक्टर विकले जातात. आणि जुना ट्रॅक्टर बघायला आलेला माणूस टायर, बॅटरी, कागदपत्रं बघून झाल्यावर एक प्रश्न हमखास विचारतो. "इंजिन खोललंय का?"

या प्रश्नाला "नाही" हे उत्तर ऐकायला त्याचे कान आतुर असतात. न खोललेलं इंजिन म्हणजे कंपनीने जसं बसवलं तसं, कुणाचा हात न लागलेलं. खोललेलं इंजिन म्हणजे काहीतरी बिघडलं होतं, आणि आता कुणीतरी, कुठेतरी, कसंतरी बसवलंय. एका उत्तराने वीस-पंचवीस हजारांचा फरक पडतो. विक्रीच्या जाहिराती बघा, "इंजिन न खोललेले" हे शब्द "एकहाती वापर"च्या शेजारीच असतात.

मला या प्रश्नाबद्दल लिहायचंय, कारण गेल्या दिवाळीच्या आसपास आमच्या घरी तो खरोखर उभा राहिला, आणि त्याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नव्हतं.

आधी बिघाड काय होता ते. इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खाली ब्लॉक, ज्यात पिस्टन वरखाली होतात. वर हेड, ज्यात व्हॉल्व्ह असतात. दोघांच्या मध्ये एक चपटी पट्टी असते, सिलिंडरच्या आकाराची मोठी भोकं आणि पाणी-ऑइल जायला लहान भोकं असलेली. ती हेड गॅस्केट. आमच्याकडे म्हणतात 'गॅसकिट'. तिचं काम एकच, तिघांना एकमेकांपासून लांब ठेवायचं. सिलिंडरमधला जळता वायू, इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि वंगणाचं ऑइल. तिघं एकमेकांपासून काही मिलिमीटरवरून वाहतात आणि भेटले की घोटाळा. वायू पाण्यात शिरला तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि पाणी बाहेर फेकलं जातं. पाणी सिलिंडरमध्ये शिरलं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. पाणी ऑइलमध्ये शिरलं तर ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा होतो. हा चहा बघून शेतकऱ्याच्या पोटात जे होतं ते वेगळं सांगायला नको.

गॅस्केट सहसा स्वतःहून जात नाही. इंजिन तापतं, तापलेलं हेड किंचित वाकतं आणि पट्टीवरचा दाब एका ठिकाणी कमी होतो. आमच्याकडे इंजिन तापण्याचा हंगाम ठरलेला आहे, सोयाबीनची मळणी. ट्रॅक्टर एका जागी उभा, मागे पीटीओवर मळणी यंत्र, आणि तासन् तास काम. हवेत भुसाच भुसा. तो रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतो आणि वारा आत जाईनासा होतो. त्यात रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी. ते इतकं क्षारयुक्त, की पाण्याच्या बारीक नळ्यांत पांढरा थर चढलेला असतो. काटा लाल रेषेकडे सरकताना दिसतो, पण ढीग अर्धा राहिलेला असतो, आभाळ भरून आलेलं असतं, मळणीवाल्यांची पुढची पाळी दुसऱ्याच्या शेतात असते. थांबायचं कुणी?

रिसोड तालुक्यातल्या आमच्या शेतात हे असंच झालं. ट्रॅक्टर २००९चा, तीन सिलिंडरचा. बाबांनी तो दिवाळीनंतर विकायचं आधीच ठरवलं होतं. मी पुण्याला, धाकटा भाऊ अमरावतीला, बाबांच्या गुडघ्यांना क्लच झेपत नाही. गावात आता इतके ट्रॅक्टर झालेत की भाड्याने नांगरून घेणं स्वस्त पडतं. म्हणजे बिघडला तो जाणारा ट्रॅक्टर. प्रश्नाची सगळी गुंतागुंत इथून सुरू होते. ठेवायचा असता तर चर्चाच झाली नसती.

गावातले मिस्तरी आले. त्यांनी रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलं आणि पाण्याकडे बघत राहिले. बुडबुडे आले. डिपस्टिक काढली, बोटावर ऑइल घासलं. "भाऊ, हेड उतरवाच लागते," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एक दलाल आला. जुन्या ट्रॅक्टरांच्या व्यवहारात मधे असणारा माणूस, बाबांच्या ओळखीचा. त्याचं म्हणणं वेगळं होतं. "कायले खोलता? इंजिन खोललं का पंचवीस हजार गेले समजा. एक डबी टाका रेडिएटरमंदी, अन् काढून टाका."

ती डबी म्हणजे लीक बंद करणारं रसायन. काही पूड, काही पातळ. ड्रायव्हर लोक पूर्वी रेडिएटर गळायला लागला की हळद टाकायचे, कुणी अंडं फोडायचे. तत्त्व तेच, बारीक काहीतरी जाऊन फटीत अडकावं. यातल्या जालीम प्रकारांत सोडियम सिलिकेट असतं, म्हणजे जवळजवळ पाण्यात विरघळलेली काच. गरम फटीपाशी पाणी उडून जातं आणि मागे काचेसारखा थर राहतो. काही दिवस, कधी काही महिने, गळती थांबते. या रसायनाची एक गोष्ट मला फार आवडते. २००९ मध्ये अमेरिकेत जुन्या गाड्या मोडीत काढण्याची सरकारी योजना आली होती. जमा झालेली इंजिनं पुन्हा बाजारात येऊ नयेत म्हणून ती कायमची निकामी करायची होती. त्यासाठी ऑइल काढून त्या जागी सोडियम सिलिकेटचं ४० टक्के द्रावण भरायचं आणि इंजिन चालू करायचं. थोड्याच वेळात आतलं सगळं जाम. पाण्यात टाकलं तर औषध, ऑइलमध्ये गेलं तर विष. आणि गॅस्केट गेलेल्या इंजिनात पाणी आणि ऑइल यांच्यातला पडदाच फाटलेला असतो.

हिशेब असा होता. डबी काही शे रुपयांची. हेड उतरवून काम करायचं तर गॅस्केट किट, हेडचं फेसिंग, ऑइल दोनदा, फिल्टर, रेडिएटरची सफाई, मिस्तरींची मजुरी असं धरून अकरा हजारांच्या आसपास. सोयाबीनचा २०२४-२५चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे हमीभाव मिळालाच असं धरलं तरी सव्वादोन क्विंटल सोयाबीन. शिवाय खोललेलं इंजिन म्हणून भाव उतरणार तो वेगळाच. खर्च करायचा आणि त्याची शिक्षाही भोगायची.

बाबांनी हेड उतरवायला सांगितलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आमच्या घरात असं विचारायची पद्धत नाही.

काम घरीच झालं, टिनाच्या शेडमध्ये. वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर ओढून नेण्याचे आणि तिथल्या मजुरीचे पैसे वाचवायचे होते. मी सुट्टी काढून आलो होतो, तेव्हा पाने द्यायचं आणि पुसायचं काम माझं. या तीन दिवसांत मला एक गोष्ट दिसली, जी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत दिसली नव्हती. गरिबीत केलेल्या कामात काटकसर कुठे करायची याचं एक पक्कं गणित असतं. मिस्तरींनी शेडमध्ये काम केलं, हेडचे बोल्ट नवे न घेता जुने ब्रशने घासून, आटे तपासून वापरले, जुनी होज तशीच ठेवली. पण हेडवर स्टीलची पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून फिलर गेजची पातळ पाती सरकवली, ती मधे सरकली, तेव्हा हेड फेसिंगला आणि चिरा तपासायला वाशिमला नेलंच. ब्लॉकच्या बोल्टच्या भोकांत राहिलेलं पाणी चिंध्या घालघालून टिपलं, कारण तळाशी पाणी राहिलं तर बोल्ट आवळल्यासारखा वाटतो पण हेड दाबलं जात नाही. आणि बोल्ट आवळायला टॉर्क पाना दुसऱ्या गावाहून मागवला. "हाताच्या अंदाजानं नाही होत का?" मी मुद्दाम विचारलं. "होते," म्हणाले, "पण मंग तो अंदाजच राह्यते." मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेर बाहेर जात, तीन फेऱ्यांत, थोडं थोडं आवळायचं. एकदम आवळलं तर पट्टी एका बाजूला जास्त दबते.

जिथे केलेली बचत बिघडली तर आपणच शेतात अडकू, तिथे बचत केली. जिथे बिघडलं तर पुढच्याचं इंजिन जाईल, तिथे नाही. मिस्तरींनी हे असं शब्दांत मांडलं नाही, मी लावलेला अर्थ आहे. ट्रॅक्टर विकायचा आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून मला हा अर्थ जास्त खरा वाटतो. डबी टाकणं आणि जुनी होज ठेवणं, दोन्हीला आपण 'जुगाड' म्हणतो आणि दोन्हीचं कौतुक करतो किंवा दोन्हीला नाकं मुरडतो. पण एकात वाचलेला पैसा आपण जोखीम घेऊन वाचवतो, दुसऱ्यात ती जोखीम न सांगता दुसऱ्याच्या खिशात सरकवतो. दोन्हीला एकच शब्द असणं मला आता खटकतं.

इथपर्यंत सोपं आहे. डबी टाकून, गप्प राहून विकणं वाईट, हे सांगायला निबंध लागत नाही. खरी अडचण दुरुस्तीनंतरची आहे. काम नीट झालं. ट्रॅक्टर चालला, मिस्तरींनी टॅपेट पुन्हा सेट केले, थोडे तास काम करून बोल्टही पुन्हा तपासले. पाणी स्थिर, ऑइल स्वच्छ. आता घेणारा येणार आणि विचारणार. किंवा कदाचित विचारणारही नाही. मग?

काका म्हणाले, विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर तोंड उघडू नका. म्हणजे १८७२च्या कायद्याच्या पहिल्या उदाहरणावर ते उभे होते, तो न वाचताच. पण त्यांचा युक्तिवाद त्याच्याही पुढचा होता, आणि तो मला अजून पूर्ण खोडता आलेला नाही. ते म्हणाले, आज हा ट्रॅक्टर दोन महिन्यांपूर्वीपेक्षा चांगला आहे. नवं गॅस्केट, सपाट केलेलं हेड, साफ रेडिएटर. पण "खोललंय" म्हटलं की घेणारा समजणार, हा वाईट आहे. म्हणजे खरं बोलून तुम्ही त्याला खोटं पटवताय. आणि गप्प राहिलात तर तो समजेल ट्रॅक्टर चांगला आहे, जे खरंच आहे. मग खरं कोणतं?

यावर मी बराच विचार केला. माझ्या कामात उलटं आहे. एखाद्या प्रोजेक्टच्या कोडमध्ये दहा वर्षांत कुणी हात घातला नसेल तर आम्ही तो घ्यायला घाबरतो. कुठे काय बिघडलं होतं, कुणी, कधी, का दुरुस्त केलं याची जितकी लांब नोंद, तितका विश्वास जास्त. हात लागणं हा तिथे गुण आहे. मग ट्रॅक्टरच्या बाजारात तो कलंक का? घेणारे अडाणी आहेत म्हणून? मला तसं वाटत नाही. कोडमध्ये केलेला बदल ओळीओळीने दिसतो. हेड एकदा बसवलं की टॉर्क पाना वापरला की नुसता पाइप लावून आवळलं, फेसिंग केलं की पॉलिश पेपर घासला, हे कुणालाच दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीचा माणूस सरासरीने भाव करतो.

१९७० साली जॉर्ज ॲकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला, जुन्या गाड्यांच्या बाजारावर. त्याआधी तो तीन नियतकालिकांनी नाकारला होता. पुढे २००१ मध्ये या कामासाठी ॲकरलॉफना नोबेल मिळालं, इतर दोघांबरोबर. लेखातला विचार असा, की विकणाऱ्याला गाडीची खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. उरलेल्यांची सरासरी आणखी घसरते, भाव आणखी पडतो. अप्रामाणिकपणाची किंमत फक्त फसलेला माणूस भरत नाही, असं ॲकरलॉफ म्हणतात. ती किंमत तो प्रामाणिक माणूसही भरतो ज्याचा माल कुणी घेत नाही. या लेखात भारताचाही उल्लेख आहे, बाजारातल्या तांदळात त्याच रंगाचे नि आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि घरातल्या बाईला ते निवडत बसावं लागतं, असा. माझी आजी सूप घेऊन जे करायची त्याची नोंद नोबेल मिळालेल्या लेखात आहे, हे मला कळलं तेव्हा गंमत वाटली आणि मग जरा लाजही.

म्हणजे काकांची तक्रार खरी आहे, पण बाबांच्या ट्रॅक्टरवर उतरणारे ते वीस-पंचवीस हजार घेणाऱ्याच्या अडाणीपणामुळे उतरत नाहीत. आधी डब्या टाकून, गप्प राहून विकलेल्या सगळ्या ट्रॅक्टरांचा तो दंड आहे. भरतो मात्र हेड उतरवणारा.

आता कुणी म्हणेल, मग तो दंड आपण का भरायचा? जगाने आपल्याला काय सांगून विकलं? २०२० च्या खरिपात सोयाबीनचं बियाणं उगवलंच नाही अशा तक्रारी राज्यभरातून आल्या होत्या, इतक्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के हवी असा नियम आहे, तसं लेबल पिशवीवर असतं. लेबल असूनही लोकांना दुबार पेरणी करावी लागली. ज्यांचं शेत तेव्हा रिकामं राहिलं त्यांच्यापैकी एखादा आज जुना ट्रॅक्टर विकताना गप्प बसला, तर त्याला नीतीचे धडे द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण एक गोष्ट बोचते. बियाण्यात फसलेला माणूस त्याची भरपाई बियाणेवाल्याकडून करून घेत नाही. घेतो ती जुना ट्रॅक्टर घ्यायला आलेल्याकडून, आणि जुना ट्रॅक्टर घ्यायला येतो तो नवा परवडत नाही म्हणून. म्हणजे आपल्यापेक्षा एक पायरी खालच्याकडून. फसवणूक उताराने वाहते.

या वादाचा सगळ्यात जुना निवाडा मला माहीत आहे तो रोमचा. सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या तिसऱ्या भागात ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलाय. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन पोहोचतो. मागून आणखी जहाजं येतायत हे त्याने वाटेत पाहिलंय. सांगितलं तर भाव पडेल. सांगावं का? बॅबिलोनचा डायोजिनिस म्हणतो, कायद्याने जेवढं सांगणं भाग आहे तेवढं सांगा, बाकी चढ्या भावाने विका, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगायला हवं, माणसांचं हित ही सामाईक गोष्ट आहे. सिसेरोने शिष्याची बाजू घेतली. आपल्या १८७२ च्या कायद्याने, त्या चौथ्या उदाहरणात, गुरूची.

सिसेरोची कसोटी मला उपयोगी वाटते. गप्प राहणं आणि लपवणं यांत फरक आहे, हे तो मान्य करतो. जगातली प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला सांगत बसणं शक्य नाही. पण समोरच्याला जे कळलं तर त्याच्या फायद्याचं आहे, ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू नये असं वाटणं, हे लपवणं. या कसोटीवर काकांचा मुद्दा डळमळतो. गप्प राहून आपण घेणाऱ्याचा गैरसमज टाळतोय, त्याच्या भल्यासाठी, असं असेल तर त्या गप्प राहण्याचे वीस हजार आपल्या खिशात कसे येतात? शिवाय "ट्रॅक्टर चांगला आहे" हा निष्कर्ष आमचा होता. इंजिन तापलं होतं हे खरं होतं. तापलेल्या इंजिनात हेडशिवाय आणखी कशावर ताण आला असेल, ते घेणाऱ्याला आपल्या मिस्तरीकडून तपासून घ्यायचा हक्क होता. न सांगणं म्हणजे निष्कर्ष आपण काढून त्याला तयार देणं.

तरी काकांच्या बाजूने एक गोष्ट उरते, ती मी लपवणार नाही. खरं सांगितल्यावर भाव पाडणारा माणूस त्या खरेपणाची किंमत देत नाही, उलट वसूल करतो. घेणारेही विचारतात ते बहुतेकदा कळून घ्यायला नाही, भाव पाडायला. आणि असं असेल तर विकणाऱ्याने खरं बोलावं ही अपेक्षा एकतर्फी आहे. नीती एकतर्फी असावी का, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. बाबांना ते शोधावंसंही वाटलं नाही.

बैलबाजारात याची एक जुनी रीत होती. बैलाचं वय दात बघून कळतं, दोनदाती, चारदाती, जुळलेला. ते लपवता येत नाही. भाव रुमालाखाली बोटं धरून ठरायचा, म्हणजे तो उघड लपवलेलाच. पण खोड विचारली जायची तोंडाने. मारका आहे का, औताला बसतो का, पाण्याला बिचकतो का. आणि ती खोटी सांगणाऱ्याचं नाव पुढच्या बाजारापर्यंत पोहोचलेलं असायचं. ती माणसं फार सज्जन होती असं मला म्हणायचं नाही. बाजार लहान होता एवढंच. कायद्याच्या दुसऱ्या उदाहरणातली मुलगी तिथे सगळीकडे होती, पंचक्रोशीत प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा काहीतरी लागायचा. आज ट्रॅक्टर मोबाइलवर फोटो टाकून विकला जातो, घेणारा दोन जिल्हे ओलांडून येतो, पुन्हा कधी भेटत नाही. लहान बाजारात जे भीतीने व्हायचं ते मोठ्या बाजारात कशाने व्हावं? दात बघण्यासारखं काहीतरी हवं. तास मोजणारं मीटर असतं, पण त्याची वायर काढून ठेवता येते.

म्हणून मी माझ्या सवयीने एक केलं. तीन दिवसांचे फोटो काढून ठेवले होते. सरकलेल्या पातीचा, फेसिंगच्या आधीचा आणि नंतरचा, टॉर्क पान्याच्या आकड्याचा. किट, ऑइल आणि फेसिंगची बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत घातली. काका हसले. "चोरानं पावती देल्यासारखं करून राह्यला," म्हणाले. काम दिसत नाही म्हणून सरासरीचा भाव मिळत असेल, तर काम दिसतं करून बघू, एवढाच माझा हिशेब होता.

घेणारा मंगरुळपीरकडचा होता, साधारण माझ्याच वयाचा. सोबत त्याचा चुलता. टायर पाहिले, हायड्रॉलिक उचलून पाहिलं, सीटवर बसून एक फेरी मारली. दोघंही इंजिनाबद्दल काही विचारायच्या आधीच बाबा म्हणाले, "इंजिन खोललं आहे. गॅसकिट गेलं होतं मळणीत. महिना झाला."

चुलत्याने लगेच पुतण्याकडे पाहिलं. बोलणं दोन लाख पस्तीस हजारांवर आलं होतं, ते दोन पंधरावर गेलं. मी पिशवी पुढे केली. चुलत्याने बिलं उलटीपालटी करून परत दिली. पोराने फोटो नीट, मोठे करून पाहिले, टॉर्क पान्यावरचा आकडा वाचला, आणि मला विचारलं, काम कुणी केलं. मी सांगितलं. त्याने मिस्तरींचा नंबर घेतला, तिथेच उभं राहून त्यांना फोन लावला आणि दहा मिनिटं शेडच्या मागे जाऊन बोलला. परत आल्यावर चुलत्याच्या कानात काहीतरी सांगितलं. व्यवहार दोन वीसला झाला.

काकांच्या मते पंधरा हजार बुडाले. माझ्या मते पाच हजार परत आले. बाबांनी दोन्ही हिशेबांत भाग घेतला नाही. त्यांनी त्या पोराला फक्त एवढं सांगितलं, की मळणीला लावशील तेव्हा दर तासाला रेडिएटरची जाळी झाडत जा, आणि बोअरचं पाणी टाकू नको.